मुलांच्या फुटबॉल क्लबमधली चारित्र्य पडताळणी: डीबीएस प्रमाणपत्र काय सांगते आणि काय सांगू शकत नाही

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुले आता मोठ्या संख्येने जवळच्या क्लबात फुटबॉल खेळतात. हे क्लब जवळजवळ सर्वस्वी स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. सराव घेणारे, सामन्याच्या दिवशी संघ सांभाळणारे, प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभे राहणारे बहुतेक लोक त्याच मुलांचे आईवडील असतात. त्यामुळे मूल संघात जाऊन काही आठवडे उलटले की एखाद्या दिवशी मॅनेजर विचारतो, “सरावाला थोडी मदत कराल का?” आपण आनंदाने होकार देतो आणि दोनच दिवसांत एक ईमेल येतो. तुमची डीबीएस तपासणी करायची आहे, पासपोर्टची माहिती भरा, गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्या, पूर्वी वापरलेली सगळी नावे लिहा. हा ईमेल पाहून अनेक जण दुखावतात. “मदत करायला निघालो, तर आम्हालाच गुन्हेगार समजतात की काय?” हा प्रश्न मी अनेक पालकांकडून ऐकला आहे. दुसऱ्या बाजूला असेही पालक आहेत की “सगळ्या कोचचे डीबीएस झालेले आहे” एवढे ऐकले की ते पूर्ण निश्चिंत होतात. ही तपासणी नेमकी काय आहे हे माहीत नसल्यामुळे दोन्ही प्रतिक्रिया उमटतात, आणि त्यांपैकी दुसरी मला अधिक काळजीची वाटते.

डीबीएस म्हणजे ‘डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस’. ही सरकारी संस्था आहे. नावातच तिची दोन कामे सांगितलेली आहेत. एखाद्या व्यक्तीबद्दल पोलिसांकडे आणि न्यायालयीन नोंदींत जी माहिती आहे, ती ठरावीक नियमांनुसार प्रमाणपत्रावर उघड करणे हे पहिले काम. ज्यांनी मुलांबरोबर किंवा असहाय प्रौढांबरोबर काम करणे धोक्याचे आहे, त्यांना तसे काम करण्यास मनाई करणे आणि त्यांची यादी ठेवणे हे दुसरे. आपल्याकडे भाडेकरू ठेवताना किंवा नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, तिच्याशी पहिल्या कामाचे साम्य आहे; दुसऱ्या कामाला मात्र आपल्या अनुभवात फारसे समांतर उदाहरण नाही.

ही रचना आजच्या स्वरूपात का आली, हे समजण्यासाठी २००२ सालातल्या एका घटनेकडे जावे लागते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंब्रिजशायरमधल्या सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याच्यावर पूर्वी दुसऱ्या भागात लैंगिक गुन्ह्यांचे अनेक आरोप झाले होते, पण त्यांपैकी एकाही आरोपात तो दोषी ठरलेला नव्हता, आणि ही माहिती एका पोलीस दलाकडून दुसऱ्याकडे पोहोचलीच नाही. भरीस भर म्हणजे त्याने नोकरीसाठी आईचे माहेरचे आडनाव, निक्सन, वापरले होते आणि पडताळणी नीट दोन्ही नावांनी झाली नाही. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशी समितीने २००४ साली अहवाल दिला. मुलांबरोबर काम करू इच्छिणाऱ्यांची राष्ट्रीय पातळीवर नोंद आणि छाननी व्हावी, ही त्यातली एक महत्त्वाची शिफारस होती. तिच्यातून २००६ चा कायदा आला. २०१२ च्या कायद्याने त्यात मोठे बदल केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आधीच्या दोन संस्था एकत्र करून डीबीएस स्थापन झाली. तेव्हा अर्जात “पूर्वीची सगळी नावे लिहा” हा जो रकाना असतो, तो कारकुनी हौसेने आलेला नाही. त्यामागे ही घटना आहे.

तपासणीच्या पातळ्या आहेत. सर्वांत खालची ‘बेसिक’. तिच्यात प्रामुख्याने अजून ‘खर्ची न पडलेल्या’, म्हणजे सांगण्याची मुदत न संपलेल्या, शिक्षा दिसतात. त्यावरची ‘स्टँडर्ड’. त्यानंतर ‘एनहान्स्ड’, आणि शेवटी मनाई यादीच्या पडताळणीसह एनहान्स्ड. मुलांच्या फुटबॉलमध्ये आपला संबंध या शेवटच्या दोहोंशी येतो.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये १९७४ चा एक कायदा आहे, ज्यानुसार ठरावीक काळ उलटल्यावर बहुतेक जुन्या शिक्षा ‘खर्ची पडल्या’ असे मानले जाते आणि माणसाला त्या कोणाला सांगाव्या लागत नाहीत. चूक केलेल्या माणसाला पुन्हा उभे राहता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. मुलांबरोबरच्या कामासाठी या नियमाला अपवाद केलेला आहे, म्हणून एनहान्स्ड तपासणीत जुन्या शिक्षा आणि पोलिसांनी दिलेल्या औपचारिक ताकिदीही दिसू शकतात. शिवाय स्थानिक पोलीसप्रमुखाला आपल्याकडची अशी माहितीही प्रमाणपत्रावर देता येते, जिच्यावर खटला झालेला नाही किंवा शिक्षा झालेली नाही. मात्र ती माहिती त्या कामाशी संबंधित आहे असे त्याला सकारण वाटले पाहिजे आणि ती उघड करणे उचितही वाटले पाहिजे. सोहमच्या प्रकरणात जी माहिती हरवली होती ती याच प्रकारची होती. एखाद्यावर अन्याय होण्याची शक्यताही याच भागात असते. म्हणून अर्जदाराला अशा मजकुराविरुद्ध दाद मागता येते आणि त्याच्या फेरविचारासाठी स्वतंत्र व्यवस्था केलेली आहे.

मग मनाई यादीची पडताळणी सर्वांचीच का करत नाहीत? कारण कायद्याने ती एका विशिष्ट प्रकारच्या कामापुरतीच ठेवली आहे. त्या कामाला ‘रेग्युलेटेड अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात. आपण त्याला नियमनाखालचे काम म्हणू. मुलांना शिकवणे, प्रशिक्षण देणे, त्यांची देखरेख करणे, काळजी घेणे ही कामे त्यात येतात, पण ती वारंवार होत असली पाहिजेत. वारंवार म्हणजे किती, याचे मोजमापही ठरलेले आहे: आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा, किंवा ३० दिवसांच्या काळात चार किंवा अधिक दिवस. रात्री २ ते पहाटे ६ या वेळेत मुलांबरोबर राहावे लागणार असेल आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष संपर्क येणार असेल, तर त्याचा स्वतंत्र विचार होतो. म्हणूनच संघ स्पर्धेसाठी परगावी मुक्कामाला जाणार असेल, तेव्हा सोबत जाणाऱ्या पालकांची चौकशी अधिक काटेकोरपणे केली जाते.

मैदानावरची उदाहरणे घेतली तर हे सोपे होते. दर मंगळवारी नऊ वर्षांखालच्या मुलांचा सराव घेणारा कोच स्पष्टपणे या व्याख्येत बसतो. क्लबचा हिशेब ठेवणारा खजिनदार, मैदानावर पांढऱ्या रेषा आखणारे गृहस्थ, गोलची जाळी बांधायला हात लावणारे पालक, मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटणारी आई यांचा मुलांशी तशा प्रकारचा संबंध येत नाही, आणि त्यांच्यासाठी मनाई यादीची पडताळणी मागणे कायद्याला धरून नाही. “सगळ्यांचीच करून टाकू, म्हणजे बरे” हा उत्साह क्लबच्या समित्यांमध्ये अनेकदा दिसतो. हेतू चांगला असतो, परंतु ज्याची कायदा परवानगी देत नाही अशी खासगी माहिती मागण्याचा अधिकार क्लबला मिळत नाही. अवघड जागा मधली असते. एखादे बाबा एका शनिवारी कोच आजारी म्हणून सराव घेतात, पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा घेतात, आणि हिवाळा संपेपर्यंत ते दर आठवड्याला मैदानात दिसू लागतात. त्यांची भूमिका कधी बदलली हे कोणाच्या लक्षातच येत नाही. माझ्या मते क्लबांकडून सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्या चुका ओळखीच्या, भल्या माणसांच्या बाबतीत होतात म्हणून त्या जास्त काळ तशाच राहतात.

२०१२ च्या कायद्याने आणखी एक फाटा ठेवला. दुसऱ्या कोणाच्या नियमित आणि रोजच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या स्वयंसेवकाला नियमनाखालच्या कामाच्या व्याख्येतून वगळले गेले. त्याची एनहान्स्ड तपासणी करता येत होती, पण मनाई यादी पाहता येत नव्हती. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांनी या तरतुदीवर सातत्याने टीका केली, आणि ती टीका मला रास्त वाटते. कारण मुलाचा विश्वास मैदानावर संपादन केला जातो आणि त्याचा गैरफायदा मैदानाबाहेर, देखरेख नसताना घेतला जातो.

फुटबॉलची राष्ट्रीय संघटना, म्हणजे फुटबॉल असोसिएशन किंवा एफए, या सगळ्यावर आपले नियम लागू करते. १८ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉलमध्ये संघ सांभाळणारे, प्रशिक्षण देणारे, देखरेख करणारे, सामन्यात पंच म्हणून काम करणारे यांपैकी १६ किंवा अधिक वयाच्या व्यक्तींना एफएमार्फत तपासणी करून घ्यावी लागते आणि दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ती केली नाही, तर त्या व्यक्तीला मुलांच्या फुटबॉलमधून तात्पुरते निलंबित केले जाऊ शकते. सोळाव्या वर्षाची अट पाहून काहींना आश्चर्य वाटते, परंतु पंच म्हणून नुकताच उभा राहिलेला सोळा वर्षांचा मुलगा किंवा धाकट्या संघाला शिकवणारी सतरा वर्षांची मुलगी हे दृश्य क्लबांत अगदी नेहमीचे आहे.

तपासणीची पद्धत आता ऑनलाइन आहे. क्लबकडून दुवा येतो, आपण माहिती भरतो, आणि क्लबमधली अधिकृत व्यक्ती, बहुधा ‘वेल्फेअर ऑफिसर’ म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी पाहणारी व्यक्ती, आपली मूळ कागदपत्रे प्रत्यक्ष पाहून ओळख पटवते. पासपोर्ट, वाहन परवाना, पत्त्याचा पुरावा देणारे बँकेचे पत्र अशी ती कागदपत्रे असतात. खऱ्या अर्थाने विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकाकडून डीबीएस शुल्क घेत नाही. मधली यंत्रणा हाताळणीसाठी लहान रक्कम घेऊ शकते, ती बहुतेक वेळा क्लब भरतो.

मराठी माणसाची खरी अडचण नावांच्या रकान्यात होते. लग्नानंतर आपल्याकडे फक्त आडनाव बदलत नाही. मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आणि काही घरांत अजूनही पहिले नावसुद्धा बदलतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि इंग्लंडमधल्या बँकेत तिसरे, अशी स्थिती असलेल्या अनेक जणी आहेत. पुरुषांचेही तसेच होते: पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे नाव आलेले असते, इथल्या वाहन परवान्यावर ते गळलेले असते, आणि आडनावाच्या रोमन अक्षरांत एखादा स्वर कमीजास्त झालेला असतो. यात लपवण्यासारखे काहीच नसते. तरीही जन्मापासूनची सगळी नावे, ती केव्हापासून केव्हापर्यंत वापरली त्या वर्षांसह, अर्जात लिहिणे आवश्यक आहे. “आता त्या नावाने मला कोणी ओळखत नाही” म्हणून माहेरचे नाव गाळणे ही अगदी निष्पाप चूक असते, पण तपासणीच्या दृष्टीने ती गंभीर आहे. पत्त्यांचेही तसेच. पाच वर्षांच्या काळात एकही महिना मोकळा राहता कामा नये, आणि त्या काळात आपण भारतात राहत असू तर तिथला पत्ताही द्यावा लागतो.

भारतातला पत्ता दिला म्हणजे भारतातल्या नोंदी तपासल्या गेल्या, असे मात्र कोणी समजू नये. डीबीएस प्रामुख्याने ब्रिटनमधल्या नोंदी पाहते. सहा महिन्यांपूर्वी इथे आलेल्या माणसाचे कोरे प्रमाणपत्र एवढेच सांगते की या सहा महिन्यांत त्याची इथे काही नोंद झालेली नाही. त्यामुळे परदेशातून नुकत्याच आलेल्या व्यक्तीकडून तिच्या देशातले पोलीस पडताळणी प्रमाणपत्र मागवावे, असा सल्ला दिला जातो. भारतीय नागरिकांना ते इथल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळू शकते. क्लबने ते मागितले तर त्यात वंशभेद शोधू नये. ऑस्ट्रेलियातून किंवा पोलंडमधून आलेल्या कोचला हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारला जात नसेल तर आपण जरूर बोलावे.

आता अशा एका गोष्टीकडे येऊ, जिच्याबद्दल लोक उघडपणे विचारत नाहीत. पूर्वी काही घडलेले असेल तर काय होते? विद्यार्थीदशेत एखाद्या भांडणात पोलिसांनी ताकीद दिली होती, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली होती. आता हे सगळ्या क्लबला कळणार का, या भीतीने चांगली माणसे मागे सरतात. प्रमाणपत्र फक्त अर्जदाराच्याच घरी येते. त्यावर काही नोंद असल्यास तिचा विचार एफएमधला प्रशिक्षित विभाग करतो. ती व्यक्ती मुलांच्या फुटबॉलमध्ये काम करण्यास योग्य आहे की नाही, हे त्या विभागाने ठरवायचे असते. तुमच्या मुलाच्या संघाच्या मॅनेजरला त्या नोंदीचा तपशील कळण्याची गरज नसते. नोंद किती जुनी, कोणत्या प्रकारची, एकदाच घडलेली की पुन्हा पुन्हा, मुलांच्या सुरक्षिततेशी तिचा संबंध काय, हे पाहून निर्णय होतो. अनेक नोंदी अशा असतात की त्यांचा या कामाशी काहीही संबंध नसतो आणि माणूस बिनघोर काम सुरू करतो.

शिवाय सगळ्याच जुन्या नोंदी प्रमाणपत्रावर येत नाहीत. किरकोळ स्वरूपाच्या नोंदी गाळण्याची पद्धत आहे. प्रौढ वयात झालेली शिक्षा जर तुरुंगवासाची नसेल, गुन्हा कायद्याने राखून ठेवलेल्या गंभीर गुन्ह्यांच्या यादीत नसेल आणि ११ वर्षे उलटलेली असतील, तर ती आपोआप दाखवली जात नाही. प्रौढ वयातल्या ताकिदीसाठी ही मुदत सहा वर्षांची आहे. १८ वर्षांखाली झालेल्या शिक्षेसाठी ती साडेपाच वर्षांची आहे, आणि त्या वयात मिळालेल्या ताकिदी नोव्हेंबर २०२० पासून आपोआप दाखवल्या जात नाहीत. प्रौढ वयात लैंगिक आणि गंभीर हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या शिक्षा यातून कधीच गाळल्या जात नाहीत. ज्याच्या मनात धाकधूक आहे त्याने अर्ज टाळण्यापेक्षा आधी माहिती घेऊन मग प्रामाणिकपणे अर्ज भरावा. नोंदीपेक्षा लपवाछपवी अधिक नुकसान करते.

मनाई यादीची गोष्ट वेगळी आहे. तिथे कोणालाही सवलत नाही. मुलांच्या मनाई यादीत नाव असताना नियमनाखालचे काम करणे, एवढेच काय ते मागायला जाणे, हाही गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. माहीत असून अशा व्यक्तीला काम देणारी संस्थाही गुन्हेगार ठरते. या यादीत नाव येण्यासाठी न्यायालयात दोषी ठरलेच पाहिजे असे नाही. उपलब्ध पुराव्यावरून घटना घडली असण्याचीच शक्यता अधिक आहे, असे डीबीएसला वाटले आणि धोका खरा दिसला, तर ती संबंधित व्यक्तीचे म्हणणे मागवून मनाई करू शकते.

परंतु डीबीएसला हे कळणार कसे? इथे क्लबांवर एक कर्तव्य येते, जे फार थोड्या समित्यांना ठाऊक असते. एखाद्या स्वयंसेवकाने मुलाला इजा पोहोचवली किंवा पोहोचवण्याचा धोका निर्माण केला म्हणून क्लबने त्याला नियमनाखालच्या कामातून दूर केले, तर ही गोष्ट डीबीएसला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो कारवाईआधीच राजीनामा देऊन निघून गेला, तरी हे कर्तव्य संपत नाही. “जाऊ द्या, तो स्वतःहून गेला, उगाच बभ्रा नको” असे म्हणून फाइल मिटवणारी समिती त्या माणसाला पुढच्या क्लबाचा रस्ता मोकळा करून देते. पुढच्या क्लबात त्याचे प्रमाणपत्र कोरे येईल, कारण त्यावर लिहिण्याजोगी माहिती आपण कोणाला दिलेलीच नसेल.

प्रमाणपत्राची मर्यादा इथेच दिसते, आणि इंग्लिश फुटबॉलचा इतिहास ती फार वेदनादायक रीतीने सांगतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी व्यावसायिक खेळाडूने, लहानपणी क्रू अलेक्झांड्रा या क्लबच्या युवा संघात असताना कोच बॅरी बेनेल याने आपल्यावर अत्याचार केले होते, हे स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितले. त्यानंतर एकामागून एक माजी खेळाडू पुढे आले. त्यांचे वय तेव्हा चाळिशी-पन्नाशीचे होते. बेनेल हा मुलांमध्ये आणि पालकांमध्ये लोकप्रिय होता, गुणी खेळाडू हेरणारा म्हणून त्याचे नाव होते, मुले त्याच्या घरी राहायला जात. त्याला पहिली शिक्षा १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत, फ्लोरिडामध्ये झाली. त्याआधीची अनेक वर्षे तो मुलांवर अत्याचार करत होता. त्या वर्षांत आजच्यासारखी तपासणी असती, तरी त्याचे प्रमाणपत्र कोरेच आले असते. २०१८ साली लिव्हरपूलच्या न्यायालयाने त्याला १२ मुलांवरच्या ५० गुन्ह्यांसाठी तीस वर्षांहून अधिक शिक्षा सुनावली; २०२३ मध्ये तो तुरुंगवासातच मेला.

एफएने क्लाइव्ह शेल्डन यांच्याकडे सोपवलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. १९७० ते २००५ या काळाचा त्यात विचार केला होता. पोलिसांच्या आकड्यांच्या आधारे त्यात किमान २४० संशयित आणि ६९२ पीडितांची नोंद आहे. ऑक्टोबर १९९५ ते मे २००० या काळात मुलांच्या संरक्षणाची व्यवस्था उभारण्यात एफएने अक्षम्य दिरंगाई केली, असा ठपका अहवालाने ठेवला. अहवाल वाचताना मनात राहते ती दुसरीच गोष्ट: कुजबूज होती, विनोद होत होते, काही जणांना शंका होत्या, पण त्या शंका कोणाकडे न्यायच्या हे ठरलेले नव्हते, आणि मुलांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून प्रमाणपत्राकडे पहिल्या चाळणीसारखे पाहावे. जे आधीच पकडले गेले आहे किंवा कोणीतरी कळवले आहे, तेवढेच त्या चाळणीत अडकते. उरलेले काम क्लबच्या रोजच्या वागण्याने करायचे असते. नवीन स्वयंसेवक आला तर त्याच्या आधीच्या क्लबला फोन करून चौकशी करणे ही अगदी साधी गोष्ट आहे, आणि प्रमाणपत्र कोरे आले की ती हमखास राहून जाते. एकट्या प्रौढाने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत असू नये; सरावाला किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत; कोचने मुलाला खासगी संदेश पाठवू नये, निरोप पालकांच्या गटावर किंवा पालकांना सोबत घेऊनच द्यावा; कपडे बदलण्याच्या खोलीत फोन काढू नये; एकाच मुलाला नेहमी गाडीतून सोडण्याची, त्याला वेगळ्या भेटी देण्याची सवय कोणालाही लागू देऊ नये. हे नियम सर्वांना सारखे लागू असले, की ते कोणाच्याही चारित्र्यावरचा शेरा राहत नाहीत, आणि त्यांतून सुटण्याचा सतत प्रयत्न करणारा माणूस आपोआप डोळ्यांत भरतो. प्रामाणिक कोचलाही या नियमांचे संरक्षण मिळते. त्याच्यावर खोटा आळ आला, तर तिथे दुसरा माणूस हजर होता ही त्याची सर्वांत भक्कम साक्ष असते.

कायद्यानेही अलीकडे एक मोठी फट बुजवली. इंग्लंडमध्ये लैंगिक संमतीचे वय १६ आहे. शिक्षकाने आपल्या १६-१७ वर्षांच्या विद्यार्थ्याशी संबंध ठेवणे हा आधीपासून गुन्हा होता, कारण तो विश्वासाच्या जागी असतो. क्रीडा प्रशिक्षकांना मात्र हा नियम लागू नव्हता. २८ जून २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तो त्यांनाही लागू झाला. मुलींच्या फुटबॉलची वाढ पाहता हा बदल आधीच व्हायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे. स्कॉटलंडमध्ये ‘पीव्हीजी’ नावाची सदस्यत्व योजना आहे. १ एप्रिल २०२५ पासून ठरावीक कामांसाठी ती कायद्याने सक्तीची झाली आणि सदस्यत्वाची मुदत पाच वर्षांची ठरली. उत्तर आयर्लंडमध्ये ‘अ‍ॅक्सेस एनआय’ हे काम पाहते. इंग्लंडमधून ग्लासगोला बदली होऊन गेलेल्या पालकाला तिथल्या क्लबात मदत करायची असेल, तर जुने डीबीएस दाखवून भागणार नाही.

मूल क्लबात घालताना पालकाने काय विचारावे, असे कोणी विचारले तर मी सांगेन की “डीबीएस झाले आहे का?” या प्रश्नावर थांबू नका. क्लबचा वेल्फेअर ऑफिसर कोण, त्याचा फोन नंबर कुठे लिहिलेला आहे, त्याच्याबद्दलच तक्रार असेल तर काउंटी एफएमध्ये, म्हणजे आपल्या परगण्यातल्या फुटबॉल संघटनेत, कोणाशी बोलायचे, गेल्या हंगामात एखादी काळजी पुढे आली तेव्हा क्लबने काय केले, हे विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला नाही आणि रागावलाही नाही, तर क्लबात या विषयावर बोलण्याची सवय आहे असे समजायला हरकत नाही. मुलालाही घरी सांगून ठेवा की कोच कितीही आवडता असला, तरी त्याने ‘आईबाबांना सांगू नकोस’ असे म्हटलेली प्रत्येक गोष्ट घरी सांगायची, आणि घरी सांगणे अवघड वाटले तर ‘चाइल्डलाइन’चा ०८०० ११११ हा विनाशुल्क क्रमांक आहे, तिथे आपले नाव न सांगताही बोलता येते.